हरण्याचा खांदा

भिंतीवर काढलेल्या जनावराच्या अंगावरून तुम्ही कधी हात फिरवला आहे का? आपण सहसा फिरवत नाही. चित्रापासून चार हात लांब उभे राहतो, मान जराशी कलती करतो, "हुबेहूब आहे हो," असे म्हणतो आणि पुढे जातो. चित्राला हात लावू नये, हे आपल्याला लहानपणीच कुणीतरी बजावलेले असते. ज्या मुलीची ही गोष्ट आहे, तिला ते कुणी सांगितले नव्हते.

एकदा एका डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या गावात एक वृद्ध चितारी राहत होते. देवळांच्या आणि मठांच्या भिंतींवर चित्रे काढणे हा त्यांच्या घराण्याचा पिढीजात व्यवसाय. लोक त्यांना चितारीबाबा म्हणत. त्यांना मूलबाळ नव्हते. केरू नावाचा एक शिष्य मात्र होता. अगदी लहानपणी तो त्यांच्याकडे आला आणि गेरू कुटत, पिवडी घोटत, दिव्यावर काजळ धरत मोठा झाला. आता तो चांगला बाप्या माणूस झाला होता, हात तयार झाला होता, तरी गावात त्याला अजून कुणी चितारी म्हणत नसे. "बाबांचा केरू" एवढीच त्याची ओळख. ती त्याला अलीकडे फार बोचत असे.

याला कारण होते त्या घराण्याची एक रीत. चित्र ज्याने काढले, त्याने त्याची शेवटची रेघ ओढायची नाही. भिंत पुरी झाली की गुरूने यायचे, आपल्या हाताने काजळ घोटायचे आणि चित्राच्या चारही बाजूंनी एक काळी रेघ ओढायची. त्या रेघेला हद्द म्हणत. हद्द पडली की चित्र पुरे झाले. मग त्यात कुणी भर घालायची नाही आणि कुणी काही पुसायचेही नाही. सणासुदीला चुना देणारे गवंडीसुद्धा हद्दीच्या आत कुंचा लावत नसत. गावातल्या जुन्या भिंतींवर पांढऱ्या चुन्याच्या मधोमध काळ्या चौकटीतली अशी विटकी चित्रे अजून शाबूत होती. ज्या चित्राला हद्द पडली नाही ते मात्र कच्चे. ते कितीही सुंदर असो, त्यावर चुना फिरला तर कुणी हळहळत नसे. ज्या शिष्याच्या भिंतीला गुरू हद्द घाली, तो त्या दिवसापासून चितारी.

केरूच्या एकाही भिंतीला अजून हद्द पडली नव्हती. मुळात अख्खी भिंत त्याच्या वाट्याला आलीच नव्हती.

ती आली एका व्यापाऱ्यामुळे. गावातल्या एका श्रीमंत शेटजींनी डोंगरावरच्या देवीच्या यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधायला काढली. शेटजी काही वाईट मनाचे नव्हते. एका वर्षी पावसात म्हाताऱ्या बायका उघड्यावर कुडकुडताना पाहून त्यांना खरोखर वाईट वाटले होते. दगडाची खाण खाली होती, देऊळ वर. गावातल्या साऱ्या गाडीवानांना त्यांनी कामाला लावले, आणि माघापासून दगडांनी लादलेल्या बैलगाड्या तो वळणावळणाचा चढ चढू लागल्या.

"आत शिरल्या शिरल्या मोठी भिंत आहे," शेटजी बाबांना म्हणाले. "तिच्यावर ही वास्तू कशी उभी राहिली ते दिसलं पाहिजे. गाड्या दिसल्या पाहिजेत, माणसं दिसली पाहिजेत, बैल दिसले पाहिजेत. आणि बैल कसे, जोमदार! शुभकार्य आहे, बाबा. रडकं चित्र नको."

बाबांनी केरूकडे पाहिले. "ही भिंत तुझी," ते म्हणाले.

केरूला त्या रात्री आनंदाने जेवण गेले नाही.

त्याने कामात कसूर केली नाही. कोळसा आणि कागदाचे तुकडे घेऊन तो दिवस दिवस गाड्यांबरोबर चालला. चाक दगडावरून उतरताना गाडी कशी कलते, चढावर गाडीवान जुवाजवळ कसा येतो, बैलाचे पुढचे पाय कसे रोवले जातात, हे तो टिपत गेला. त्याला एकच गोष्ट साधत नव्हती, ती म्हणजे ओढणाऱ्या बैलाची मान. गाडी पुढे जाई आणि मानेची ती ताणलेली रेषा हातातून निसटे.

चैत्रातल्या एका दुपारी, शेवटच्या अवघड वळणावर, सयाजी गाडीवानाची गाडी वर येत होती. त्याच्या जोडीत हरण्या नावाचा एक बैल होता. हरणासारखा पिंगट रंग, आणि डावे शिंग आत वळलेले. केरूला ती मान दिसली आणि तो गाडीपुढे आडवा झाला.

"सयाजीदादा, थांबव! अशीच थांबव!"

"केरूदादा, चढावर उभं करू नये जनावर," सयाजी म्हणाला. "जू रुततं खांद्यात. वर नेतो, मग काढा की हवं तेवढं."

"वर गेल्यावर ही मान कुठली? थोडा वेळच लागेल. शेटजींचंच काम आहे ना?"

शेटजींचे नाव आल्यावर सयाजी काय बोलणार? त्याने चाकांमागे धोंडे लावले आणि बैलांच्या पुढे उभा राहिला. केरू काढत राहिला. ऊन डोक्यावर होते. हरण्याच्या खांद्यावर, नेमकी जिथे जू टेकते तिथे, एक जखम होती. सयाजीने तिच्यावर फडक्याची घडी ठेवली होती, पण ती सरकली होती आणि माश्या बसत होत्या. केरूने ती जखम पाहिली. कोळशाने तिच्या जागी एक ठिपकाही काढला. मग त्याला शेटजींचे शब्द आठवले आणि त्याने तो ठिपका अंगठ्याने पुसून टाकला.

मान मात्र साधली. इतकी साधली की बाकीचे सारे चित्र त्याने त्या मानेभोवती बांधले.

पावसाळा लागेपर्यंत धर्मशाळेवर छप्पर चढले, आणि बाहेर धारा कोसळत असताना केरू आत भिंत रंगवत राहिला. चित्रात बैलांच्या जोड्यांची रांग डोंगर चढत होती. अंगावर झुली, शिंगांना पितळी शेंब्या, गळ्यात घुंगरांच्या माळा. सगळ्यांत पुढे, तेजस्वी डोळ्यांचा, मान ताणलेला हरण्या. बघायला येणारे तोंडात बोट घालत.

"हे बैल दगड ओढतायत की वऱ्हाडाला निघालेत?" शेटजींचे मुनीम म्हणाले, आणि शेटजी खूश होऊन हसले.

हद्द घालायचा दिवस ठरला तो पोळ्याच्या आदल्या दिवसाचा. पोळ्याच्या सकाळी गावचे बैल वाजतगाजत वर यायचे होते आणि धर्मशाळा उघडायची होती. दिवस कलताना बाबा काठी टेकत वर आले. शेटजी, मुनीम आणि गावातली चार माणसे आधीच जमली होती. बाहेर आभाळ भरून आले होते, आणि खाली गावात घरोघरी खांदेमळणी चालू होती. पोळ्याच्या आदल्या सांजेला बैलांना नदीवर धुऊन आणतात, वर्षभर जू वाहिलेले त्यांचे खांदे गरम पाण्याने शेकतात, त्यांना हळद आणि लोणी चोळतात आणि उद्या जेवायला या असे आवतण देतात. हे सारे तुम्हाला ठाऊक असेलच.

बाबा काजळ घोटायला बसणार, एवढ्यात दारातून एक लहान मुलगी आत आली. पाय चिखलाने भरलेले, परकर गुडघ्यापर्यंत ओला, आणि हातात पदराने झाकावी तशी ओढणीच्या टोकाने झाकलेली पितळी वाटी.

"ए पोरी, देवी वर आहे," मुनीम म्हणाले. "लोणी तिकडं ने."

"देवीला नाही आणलं."

"मग कुणाला? आम्हाला?"

माणसे हसली. मुलगी हसली नाही. ती सयाजी गाडीवानाची मुलगी होती, हौसा. "आमच्या हरण्याला आणलंय," ती म्हणाली. "तो इथं भिंतीवर आहे म्हणतात."

केरूला बरे वाटले. आपले चित्र बघायला गाडीवानाची पोरसुद्धा चिखल तुडवत वर येते! तो कौतुकाने म्हणाला, "आहे ना. शोध बघू."

तिला शोधावे लागलेच नाही. ती थेट रांगेच्या तोंडाशी गेली. "हरण्या!" ती ओरडली, आणि त्या हाकेत इतका आनंद होता की शेटजीसुद्धा पुढे झाले. तिने आत वळलेल्या शिंगावरून बोट फिरवले, डोळ्याखालच्या काळ्या रेषेवरून फिरवले, गळ्यातल्या घुंगरांवरून फिरवले. मग तिचे बोट मानेवरून मागे सरकले आणि खांद्यावर थांबले. तिथे ती काहीतरी चाचपू लागली.

"केरूदादा," ती वळून म्हणाली, "ह्याचा खांदा बरा झाला?"

केरू म्हणाला, "चित्रात जखमा काढत नाहीत, हौसा."

"का?"

"बरं दिसत नाही ते."

तिने वाटीकडे पाहिले. मग पुन्हा भिंतीकडे. "मग मी लोणी कुठं लावू?"

"अगं, लोणी घरच्या हरण्याला लाव जा की," मुनीम म्हणाले.

"तो ज्येष्ठात गेला," हौसा म्हणाली. "खांद्यात किडे पडले होते. आयेनं आज चुकून दोघांचं हळद-लोणी कालवलं. त्याच्या जोडीच्या चांद्याला लावून हे एवढं उरलं. मग आये रडायला लागली. म्हणून मी घेऊन आले."

केरूच्या कानात सयाजीचे शब्द घुमले, चढावर उभं करू नये जनावर. हरण्या मेल्याचे त्याच्या कानावर आले नव्हते असे नाही. बाजारात कुणीतरी बोलले होते. पण त्या वेळी तो हरण्याच्या झुलीची नक्षी रंगवण्यात गढला होता, आणि ते बोलणे त्याच्यावरून नुसते वाहून गेले होते.

तेवढ्या वेळात हौसाने आपली जागा शोधली होती. डोळ्यांनी नव्हे, हातानेच. ती चवड्यांवर उभी राहिली, वाटीत पंजा बुडवला आणि हरण्याच्या कोऱ्या, गुळगुळीत खांद्यावर दाबून धरला. मग हलक्या हाताने चोळू लागली, आणि तोंडाने हळूच म्हणाली, "उद्या जेवायला ये रे. वाट बघते."

"अगं ए!" केरू भानावर आला. डिंकात कालवलेला रंग तो. त्यात लोणी मुरले की संपले, ते पुसता येत नाही की त्यावर पुन्हा रंग धरत नाही. त्याने तिचे मनगट धरून तिला मागे ओढले. वाटी खाली पडून घरंगळत गेली. भिंतीवर पिवळाजर्द पंजा उमटला होता आणि त्याच्या कडेने तेलकट डाग पसरू लागला होता. सगळी उमेद, सगळी वर्षे, सगळे नाव त्या डागात बुडाल्यासारखे केरूला वाटले. त्याने हात उगारला.

"केरू," बाबा म्हणाले.

एवढेच. उगारलेला हात खाली आला. हौसा दाराकडे पळाली आणि पायऱ्या उतरून दिसेनाशी झाली.

बाबा भिंतीपाशी गेले. त्यांनी तो पिवळा पंजा पाहिला. मग ते चित्राच्या दुसऱ्या टोकाला गेले आणि तिथून सावकाश परत आले, एकेका बैलाच्या खांद्यापाशी थांबत. त्यांच्या काठीचा आवाज तेवढा ऐकू येत होता.

"हा बैल बघून काढलास की मनानं?" त्यांनी विचारले.

"बघून, बाबा. चढावर उभा करून."

"पोर म्हणते ती जखम होती?"

सयाजी तिथे नव्हता. नव्हती म्हटले असते तर खपून गेले असते. केरूच्या ओठांवर तो शब्द आलाही होता. पण लहानपणापासून ज्या माणसापुढे त्याने रेघ ओढली, त्याच्यापुढे खोटे बोलायला जीभ वळेना.

"होती."

"दिसली होती तुला?"

"दिसली होती. ठिपका काढलाही होता."

"मग?"

"शोभत नव्हती, बाबा."

बाबांनी मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ते खाली बसले आणि काजळ घोटू लागले. शेटजींनी सुटकेचा निःश्वास सोडला. घोटून झाल्यावर बाबा उठले, कुंचली बुडवली, आणि भिंतीच्या कोपऱ्याकडे जाण्याऐवजी हरण्यापाशी आले. तिथे त्यांनी हौसाच्या पंजाच्या चारही बाजूंनी काळी रेघ ओढली. आत एक खांदा आणि एक पिवळा हात, एवढीच जागा. रेघेला रेघ जुळली. त्यांनी कुंचली धुतली, कमरेला खोचली आणि काठी हातात घेतली.

"बाबा, हे काय आरंभलंय?" शेटजींचा आवाज चढला. "एवढी मोठी भिंत सोडून तुम्ही डागाला हद्द घातलीत?"

"जे पुरं झालं त्याला हद्द घालायची, शेटजी," बाबा म्हणाले. "मला या भिंतीवर तेवढंच पुरं झालेलं दिसलं." मग ते केरूकडे वळले. "केरू, तुझा हात माझ्यापेक्षा चांगला आहे, हे मी खूप दिवस जाणतो. ही मान मला साधली नसती. पण तू बैल काढलेस ते माणसाला हवे तसे. ओझं वाहायचं त्यांनी, आणि वर सुंदरही दिसायचं, म्हणजे बघणाऱ्याच्या जिवाला घोर नको. जखम दिसली नसती, तर मी म्हटलं असतं की अजून शीक. ती तुला दिसली आणि तू पुसलीस. ती पोर आली तर तिला सुंदर बैल दिसला नाही. तिला तिचा हरण्या दिसला, आणि त्याचं दुखणं कुठं गेलं, एवढंच तिनं विचारलं. जे तू लपवलंस तिथं तिनं नेमका हात ठेवला. त्या जनावराचं दुखणं आणि माणसाची माया, दोन्ही तेवढ्या जागेत आहेत. बाकीची भिंत नुसती रंगवलेली आहे."

जाताना त्यांनी केरूच्या खांद्यावर हात ठेवला आणि थोडा वेळ तो तसाच राहू दिला. मग ते पायऱ्या उतरून गेले.

जमलेली माणसेही पांगली. शेटजी मागे राहिले. भिंतीकडे पाहत ते बराच वेळ येरझाऱ्या घालत होते. शेवटी ते केरूजवळ आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "हे बघ, म्हाताऱ्याचं वय झालं. त्यांच्या मनाला लागलं त्या पोरीचं बोलणं. मलाही लागलं, नाही असं नाही. पण उद्या अख्खा गाव वर येणार. ती रेघ खरवडून टाक. डागावर रंग धरत नसला तर तेवढा गिलावा काढ, नवा भर आणि झूल खांद्यापर्यंत पुढं ओढ. झूल ओढली की काम झालं! आणि सगळ्या भिंतीला हद्द तूच घाल. कोण विचारतंय? सगळ्यांसमोर तुला चितारी म्हणून नारळ मी देतो. पुढं देवळाचा मंडप बांधायचाय, त्याच्याही भिंती तुझ्या."

"बघतो," केरू म्हणाला.

शेटजी गेले. बाहेर अजून उजेड होता. केरूने खरवडायला पाते घेतले. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते एका रेघेच्या अंतरावर होते. तो भिंतीकडे निघाला आणि त्याच्या पायाला काहीतरी लागले. हौसाची वाटी. पडून तिला पोचा आला होता, पण तळाशी लोणी होते. ही एवढी परत करून यावी, मग कामाला लागावे, असे त्याने मनाशी ठरवले. पाते कट्ट्यावर ठेवून तो खाली उतरला.

सयाजीचे घर वेशीजवळ होते. त्याला पाहून सयाजी लगबगीने उठला, घोंगडी झटकून अंथरली. "केरूदादा, पोरीनं भिंत खराब केली म्हणे. लहान आहे. माफ करा. काय भरून द्यायचं असेल तर सांगा, पण सध्या गाडीच बंद आहे. एका बैलावर गाडी कशी चालायची?"

"भरून काही द्यायचं नाही, सयाजीदादा." केरूने वाटी पुढे केली. मग त्याला राहवले नाही. "मी त्या दिवशी चढावर थांबवलं..."

"छे छे! त्यानं काही झालं नाही," सयाजी घाईने म्हणाला. "जखम आधीचीच होती. मीच चार दिवस विसावा द्यायला हवा होता. पण काम मोठं, शेटजींची घाई. तुमचा काय दोष?" आणि थोडे थांबून, जमिनीकडे पाहत तो म्हणाला, "तिथनं आल्यावर मात्र त्यानं मान खाली घातली ती पुन्हा नीट उचलली नाही."

दाव्याच्या खुंट्याशी चांद्या उभा होता. गोठा मोकळा होता तरी तो आपल्या जुन्या बाजूलाच, भिंतीला अंग घासून उभा होता. जोडीदाराची जागा त्याने रिकामी ठेवली होती. आढ्याला जू टांगलेले होते. आतल्या दाराआड हौसा उभी होती. तिच्या मनगटावर केरूच्या बोटांचे वळ होते. ती बाहेर आली नाही.

"एवढं लोणी उरलंय," केरू म्हणाला. "ह्याला लावू का?"

सयाजीने मान डोलावली.

केरूने वाटीतले लोणी बोटांवर घेतले आणि चांद्याच्या खांद्यावर ठेवले. इतके बैल त्याने काढले होते, इतके खांदे रंगवले होते, पण बैलाच्या खांद्याला हात त्याने आजवर लावला नव्हता. कातडी थरथरली. रंगवताना त्याने जो मऊ, चमकदार, गोल खांदा काढला होता, तसे हाताखाली काहीच नव्हते. तिथे एक जाड, टणक घट्टा होता, खोडासारखा भेगाळलेला, आणि त्याच्या कडेला एक ओलसर, कोवळी जागा होती. बोट तिथे पोहोचताच चांद्या मागे सरकला. केरूचा हात थांबला. मग दाराआडून हौसाचा आवाज आला.

"तिथं दाबायचं नाही, दादा. नुसता हात ठेवायचा."

त्याने नुसता हात ठेवला. बैल हळूहळू शांत झाला. बाहेर पावसाची भुरभुर सुरू झाली होती. लोणी कधीच संपले होते, तरी केरू तसाच उभा राहिला. कोळशाचा ठिपका पुसणारा अंगठा कोणता, ते त्याला आता नीट जाणवत होते. सयाजीने दोनदा बसा म्हटले, ते त्याला ऐकू आले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोळ्याची वाजंत्री डोंगरावर पोहोचली, तेव्हा धर्मशाळेची ती मोठी भिंत पांढरी झालेली होती. केरूने उजाडल्यापासून आपल्या हाताने तिला चुना दिला होता आणि काळ्या हद्दीच्या आतला खांदा व त्यावरचा पिवळा हात तेवढा सोडला होता.